वर कोमट, तळाला गार : आपल्या किनाऱ्याचा फिरता प्रवाह

[ड्रोन, गोव्यातलं मांडवीचं मुख, सप्टेंबरची अखेर]

हे पाणी बघा. इकडे तांबूस, गढूळ दिसतंय ते मांडवीचं, अख्खा पावसाळा सह्याद्रीची माती धुऊन आणलेलं, आणि पलीकडे हिरवट आहे ते समुद्राचं. मधली रेघ किती स्पष्ट आहे बघा, फेसाचा पट्टा, त्यात अडकलेला पालापाचोळा, बाटल्या, एक चप्पलसुद्धा आहे. वरून बघताना वाटतं नदी आली, समुद्रात मिसळली, विषय संपला. पण ती लगेच मिसळत नाही. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड, त्यामुळे नदीचं आणि पावसाचं पाणी समुद्राच्या वर पसरून बसतं, आणि या पसरलेल्या थराच्या खाली काय चाललंय ते आज बघायचंय.

[बोटीवरून, किनारा मागे जाताना]

बोट चाललीय कांदोळीच्या समोर, किनाऱ्यापासून साधारण दहा किलोमीटर आत. ही जागा आम्ही उगीच निवडलेली नाही. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयओ, तिचे लोक नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून याच भागात येऊन पाणी मोजतायत. इथे खोली पंचवीस-सव्वीस मीटर, म्हणजे फार नाही, सात-आठ मजली बिल्डिंग उभी केली तर गच्ची पाण्याच्या पातळीला येईल एवढीच. आमच्याकडे संस्थेचं जहाज नाही, भाड्याची बोट आहे, एका कॉलेजच्या लॅबमधून उसनी आणलेली पाण्याची बाटली आहे आणि थर्मामीटर आहे. तेवढं पुरतं.

[बाटलीचा क्लोजअप]

ही बाटली नीट बघून घ्या, कारण समुद्राबद्दल माणसाला जे काही कळलंय त्यातलं बरंचसं अशाच बाटल्यांनी कळलंय. नळकांड्यासारखी आहे, दोन्ही तोंडं उघडी, दोन्हीकडे झाकणं रबराने ताणून बाहेरच्या अंगाला अडकवलेली. अशी उघडीच ती खाली सोडायची, म्हणजे जाताना वरचं पाणी आत साठून राहत नाही, आरपार वाहत जातं. दोरीवर मीटरच्या खुणा आहेत. पाच, दहा, पंधरा... वीस मीटरला थांबायचं, थोडा वेळ तशीच ठेवायची, आणि मग वरून हा पितळी ठोकळा दोरीवरून सोडून द्यायचा. याला मेसेंजर म्हणतात. तो घसरत खाली जातो, बाटलीच्या खटक्यावर आपटतो, आणि दोन्ही झाकणं एकदम बंद. हातात दोरी धरलेली असली की तो झटका वर जाणवतो, कॅमेऱ्यात तो येत नाही, तुम्ही फक्त दोरी हललेली बघाल. बघा, हललं. आता ओढायचं, आणि पटपट ओढायचं, नाहीतर वरच्या कोमट पाण्यातून येताना आतलं पाणी तापतं आणि आकडा चुकतो.

आधी वरचं पाणी. बादलीतून काढलेलं, थर्मामीटर २८ च्या वर. आणि आता बाटलीतलं, वीस मीटरवरचं. २२ च्या आसपास. सहा अंशांचा फरक, फक्त वीस मीटरमध्ये, आणि तोही भर कोकणपट्टीत जिथे आपण सप्टेंबरमध्ये घामाने बेजार असतो. बाटलीकडे बघा, बाहेरून दव जमलंय, फ्रीजमधून काढल्यासारखी. हवेत एवढी दमट वाफ आहे की बावीस अंशांची कुठलीही वस्तू काढली तरी तिला असा घाम फुटणार. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय.

बोटीवरचे तांडेल मूळचे मालवणकडचे, त्यांना याचं काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "वर गरम, तळाक गार. जाळा वढताना हाताक कळता."

मग प्रश्न असा की हे गार पाणी इथे आलं कुठून. इथलं नाही हे नक्की, कारण मे महिन्यात हाच सगळा भाग वरपासून खालपर्यंत गरम असतो.

[नकाशा, बाण]

शाळेत आपण सगळ्यांनी तो जगाचा नकाशा भरलाय, लाल बाण म्हणजे उष्ण प्रवाह, निळा बाण म्हणजे थंड. गल्फ स्ट्रीम, लॅब्राडोर, पेरूचा थंड प्रवाह, नॉर्वेची बंदरं हिवाळ्यात का गोठत नाहीत, दोन मार्क. आपल्या दारातल्या समुद्रावर मात्र बाण काढताना सर थोडे घाईत असायचे, आणि त्याला कारण आहे, अटलांटिक किंवा पॅसिफिकमध्ये बाण एकदा काढला की वर्षभर साधारण तसाच राहतो, आपल्याकडे तो वर्षात दोनदा फिरतो. वारा फिरतो म्हणून पाणी फिरतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे जातं, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोवा, कारवार, कोची असं. आणि नोव्हेंबर ते जानेवारी बरोब्बर उलट, केरळकडून वर आपल्याकडे. याला पश्चिम भारत किनारी प्रवाह म्हणतात. गल्फ स्ट्रीमच्या मानाने हा लहान आणि संथ, काठावरचा माणूस चालत त्याच्या पुढे सहज जाईल. पण लहान म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता वाऱ्याची गंमत. पावसाळ्यात आपल्याकडे वारा येतो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, म्हणजे तो किनाऱ्यावर जवळजवळ सरळ आदळतो. मग पाणी दक्षिणेकडे का जावं? किनाऱ्याला समांतर असा वाऱ्याचा जोर कोकणात तसा कमीच असतो. कितीतरी वर्षं हे कोडं होतं. एनआयओमध्ये सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यात जहाजावरून घेतलेली मोजमापं तपासली, १९९० मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि चित्र असं दिसलं की वरच्या थरात पाणी दक्षिणेकडे जातंय आणि त्याच्या खाली, समुद्रतळाच्या उताराला लागून, दुसरा प्रवाह उत्तरेकडे जातोय. म्हणजे एकाच जागी वर एक दिशा आणि खाली दुसरी. पुढच्या वर्षांत गणितं करून हेही कळलं की इथल्या पाण्याला धक्का फक्त इथला वारा देत नाही, तो बंगालच्या उपसागरातूनसुद्धा येतो.

[ॲनिमेशन, भारताचा किनारा]

हे चित्र हळू चालवलंय. तिकडे पूर्व किनाऱ्यावर वाऱ्याने पाण्याची पातळी जरा वरखाली झाली की तो फरक एका लांबलचक लाटेच्या रूपाने किनाऱ्याला चिकटून निघतो. ही लाट डोळ्यांना दिसणारी नाही, वर काही सेंटिमीटरचाच फरक. जमीन नेहमी तिच्या उजव्या हाताला. पूर्व किनाऱ्याने खाली, श्रीलंकेला वळसा, मग केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण, असा हजारो किलोमीटरचा प्रवास काही आठवड्यांत. वर काही सेंटिमीटर, पण खालचा थंड थर तिच्यामुळे कितीतरी मीटर वर उचलला जातो. आणि त्यात प्रवाह दक्षिणेकडे वाहायला लागला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याची पातळी किनाऱ्याकडे उतरते आणि तळाचं गार पाणी उताराने चढून उथळ भागात शिरतं. आधी केरळात, मग हळूहळू उत्तरेकडे. आपण बाटलीत पकडलं ते हेच पाणी.

[केरळ, होड्या]

आता इथे खरी मेख आहे. हेच गार पाणी केरळात थेट पृष्ठभागावर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्लम, कोचीच्या समोर समुद्राचं वरचं तापमान २५-२६ पर्यंत उतरतं, पाण्यात हात घातला तर कळतं. गोवा-कोकणात मात्र ते वर येऊ शकत नाही. का, तर पहिल्या शॉटमधलं ते गढूळ पाणी. सह्याद्रीवर पडलेला सगळा पाऊस आणि मांडवी, जुवारी, तेरेखोल, वाशिष्ठी, सावित्री अशा नद्या मिळून समुद्रावर पाच ते दहा मीटर जाडीचा हलक्या पाण्याचा थर टाकतात. गार पाणी खालून येतं, या थराला टेकतं आणि तिथेच अडतं. वरचं पाणी कोमट ते कोमटच राहतं, त्याच्यावरची हवा दमट राहते, पाऊस पडत राहतो आणि तोच पाऊस पुन्हा तो थर भरत राहतो.

हा थर नसता तर काय झालं असतं? त्यासाठी अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर जावं लागेल.

[मोबाईल फुटेज, सलालाह, ओमान]

हे मस्कतला राहणाऱ्या आमच्या एका मित्राने पाठवलंय, म्हणून जरा हलतंय. जुलै महिना आहे, अरबस्तान आहे, आणि बघा, धुकं. झिमझिम. हिरवे डोंगर, उंट ओल्या गवतात उभे. मस्कत, दुबईकडची आपली मराठी मंडळी पावसाळ्याची आठवण आली की गाडी काढून इथे येतात, इथल्या या पावसाळी दिवसांना खरीफ सीझन म्हणतात. डोंगराच्या पलीकडे वाळवंटात पारा ४५ च्या घरात आणि इथे दिवसा २७-२८. कारण मान्सूनचा वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी समुद्रात आत ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी थेट वर येतं. वर नदी नाही, मोठा पाऊस नाही, अडवायला काही नाही. गार पाण्यावरची हवा गार होते, ढग खालीच साचतात, धुकं होतं, झिमझिम होते, पण आपल्यासारखा धो धो पाऊस होत नाही. अजून खाली सोमालियाला तर कमाल आहे, तिथला प्रवाह पावसाळ्यात उत्तरेकडे सुटतो, ताशी सात किलोमीटरच्याही वर जातो, आणि रास हाफूनजवळ विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या समुद्राचं पाणी २० अंशांच्या खाली उतरतं. जगातले बहुतेक समुद्र उन्हाळ्यात तापत जातात, अरबी समुद्र मे महिन्यात तापून जून-जुलैत उलट गार होतो, त्यात या दोन किनाऱ्यांचा वाटा मोठा.

पेरूतलं लिमा पण याच गोष्टीतलं. विषुववृत्तापासून बारा अंशांवर, म्हणजे गोव्यापेक्षाही जवळ, आणि ऑगस्टमध्ये तिथे स्वेटर लागतो, वर्षभरातला पाऊस आपल्याकडच्या जूनमधल्या एका सरीएवढा. फुटेज नाही, बजेटही नाही, पुढे जाऊ.

[उपग्रहाचा नकाशा, अरबी समुद्र]

तर हा उपग्रहाने दिलेला समुद्राच्या तापमानाचा नकाशा. सोमालिया निळा, ओमान निळा, केरळाच्या टोकाला फिका निळा, आणि गोवा-रत्नागिरीसमोर काही नाही, सगळं पिवळं-नारिंगी. कारण उपग्रह फक्त वरची त्वचा बघतो. तीही ढग नसतील तर नीट, पावसाळ्यात तर इन्फ्रारेड सेन्सरला ढगांच्या खालचं दिसतच नाही, मायक्रोवेव्हवाला बघतो पण त्याचं चित्र भरड येतं आणि किनाऱ्याजवळ तो गोंधळतो. हैदराबादची इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था, मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल याचे अंदाज देते, मराठीतूनही देते, चांगलं काम आहे ते, पण त्याचा पाया उपग्रहाने पाहिलेलं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा हाच. दहा मीटरखाली बावीस अंशांचं पाणी येऊन बसलंय हे वरून कळायला मार्ग नाही. ते कळायला कुणीतरी बोटीत बसून तिथे जावं लागतं, नाहीतर यंत्र ठेवावं लागतं.

[ॲनिमेशन, यंत्राची साखळी]

प्रवाह मोजणारं यंत्र कसं ठेवतात ते बघण्यासारखं आहे, म्हणून त्याला जरा वेळ देऊ. किनाऱ्यापासून बरंच आत, जिथे समुद्राचा तळ एकदम उतरायला लागतो, तिथे जवळजवळ एक किलोमीटर खोल पाण्यात एक वजन सोडतात. अशा कामाला जगभर कधी काँक्रीटचा ठोकळा वापरतात, कधी चक्क रेल्वेची जुनी चाकं. वजनाला एक आकडा, म्हणजे हूक, आकड्यापासून वर लांब दोर, आणि दोराच्या वरच्या टोकाला तरंगणारे गोळे आणि हे यंत्र, तोंड आकाशाकडे करून. पृष्ठभागापर्यंत ते येत नाही, शंभर-दोनशे मीटर खालीच राहतं, म्हणजे ट्रॉलरच्या जाळ्यात अडकायची आणि वादळात तुटायची भीती कमी. तिथून ते वर आवाजाचे ठोके सोडतं, आपल्या कानाला न ऐकू येणारे. पाण्यात प्लवंग असतात, बारीक जीव, कण, ते प्रवाहाबरोबर वाहत असतात. आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो आणि परत येताना त्याचा सूर बदललेला असतो, जवळ येणारी गाडी आणि लांब जाणारी गाडी यांच्या हॉर्नमध्ये पडतो तोच हा फरक. या फरकावरून कुठल्या खोलीला पाणी किती वेगाने आणि कुठल्या दिशेला चाललंय ते निघतं. हे रात्रंदिवस, पावसाळा असो नसो, कुणी बघत नसताना.

वर्षभराने जहाज परत त्या जागी जातं, पाण्यात विशिष्ट आवाजाचा सिग्नल सोडतं, खालचा आकडा सुटतो, वजन तळाला राहतं आणि गोळे यंत्राला घेऊन वर येतात. मग सगळे डेकवर उभे राहून नारिंगी गोळा कुठे दिसतो ते शोधतात. एनआयओने या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धापासून पश्चिम किनाऱ्यावर अशी यंत्रं लावली, मुंबईसमोर, गोव्यासमोर, खाली कोल्लमपर्यंत, आणि त्यांनी आपल्या पुस्तकी बाणाची पंचाईत करून ठेवली. कारण प्रवाह वर्षात दोनदा फिरतो हे सरासरीत खरं, पण रोजच्या नोंदीत तो महिन्या-दोन महिन्यांत पण मागेपुढे होतो, ऐन पावसाळ्यात आठवडाभर उत्तरेकडे वाहिला असंही दिसतं. दोन-चार बोटींच्या फेऱ्यांत हे कधीच कळलं नसतं. सलग नोंद हवी, आणि सलग नोंद म्हणजे सलग पैसा, जहाजाच्या तारखा, आणि दरवर्षी तेच कंटाळवाणं काम करायची तयारी असलेली माणसं.

[मालीम जेटी, पहाट, टोपल्या उतरताना]

बांगडा, तारली, कोळंबी. गार पाण्याबरोबर खतासारखी पोषणद्रव्यं येतात, त्यावर प्लवंग वाढतात, त्यावर मासळी, हा फायदा. पण झाकलेल्या पाण्याला वरची हवा मिळत नाही, वरून मरून पडणारं सगळं तळाला कुजतं, त्यात ऑक्सिजन संपतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कांदोळीच्या तळाशी तो अगदी शून्यावर येतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. एनआयओचे वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं, हा प्रकार वाढतोय आणि नद्यांतून येणारी शेतातली खतं त्याला हातभार लावत असावीत असं त्यांचं म्हणणं. तळाची मासळी अशा वेळी जागा सोडते.

[कांदोळी, नोव्हेंबर, तीच बाटली]

आता नोव्हेंबर. समुद्र शांत, आकाश निळं, पर्यटक आलेत. बाटली वीस मीटरला, मेसेंजर, झटका, वर. २८ च्या आसपास. वरच्या बादलीतही तेवढंच. दव नाही, वास नाही. गार पाणी परत खोल उतरून गेलंय आणि प्रवाह उलटा झालाय, आता केरळकडून आपल्याकडे. आणि हे पाणी साधं नाही. पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांनी बंगालच्या उपसागरात ओतलेलं पाणी हिवाळ्यात पूर्व किनाऱ्याने खाली सरकतं, श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याला लागतं आणि वर येतं. खारटपणा मोजला की कळतं, अरबी समुद्राचं पाणी खारट असतं आणि हे त्यामानाने सौम्य. नाशिकला त्र्यंबकेश्वराजवळ पडलेला पाऊस गोदावरीतून राजमुंद्रीला जातो, तिथून समुद्रात, त्यातला थोडा का होईना अंश असा फिरून अरबी समुद्रात येतो. सह्याद्री ओलांडला असता तर शंभर किलोमीटरमध्ये पोचला असता.

कोकणातला हिवाळा सौम्य असतो, जानेवारीत पुण्याचं रात्रीचं तापमान ११-१२ ला उतरतं तेव्हा रत्नागिरी १९ च्या आसपास असते. त्यात मोठा वाटा समुद्र शेजारी असण्याचाच, खारे वारे, मतलई वारे, ते सगळं आपण शिकलोय. पण दक्षिणेकडून गरम पाणी येत राहणं ही त्यात पडलेली भर.

[लक्षद्वीप, नकाशा]

बंगालच्या उपसागरातून आलेलं हे कमी खारट पाणी बरंचसं लक्षद्वीपच्या आसपास साचतं. पुन्हा तीच गोष्ट, हलका थर वर, त्यामुळे उन्हाची उष्णता खाली न जाता वरच कोंडते, आणि एप्रिल-मेमध्ये तो भाग ३० अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत जगातल्या सगळ्यात गरम समुद्रांपैकी एक. मान्सून केरळात पोचायच्या आधी हा गरम पट्टा तिथे तयार असतो. त्यात सगळा हिंदी महासागरच तापतोय, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या अभ्यासात पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ मध्ये उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला असं दिसलं. आणि गरम पाण्यावर चक्रीवादळं पोसतात, २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आलं, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते किनारा घासत वर गेलं.

[दिवेआगर, पडलेल्या सुपारीच्या बागा]

[मालवण बंदर, होड्या वर ओढताना, ३१ मे]

१ जूनपासून मासेमारी बंद. होड्या वाळूत वर, इंजिनं घरी, जाळी शिवायला काढलेली. आमची भाड्याची बोटही आता ऑगस्टपर्यंत मिळणार नाही, आणि मिळाली तरी त्या समुद्रात बाटली सोडायला कुणी जाऊ नये. नेमकं याच दोन महिन्यांत गार पाणी चढतं, त्यामुळे ते चढताना आमच्याकडे शूट केलेलं एक सेकंदही नाही. त्या दोन महिन्यांचे आकडे फक्त तळाशी बांधून ठेवलेल्या यंत्राकडे असतात, आणि ते हातात पडतात ते जहाजाला तारीख मिळून कुणी ते वर काढायला गेलं तरच.